बायकांची शेतीजोखमीची शाळा: सहा बैठकांत काय शिकवावं?

मांजराकाठ
गावातले तीन बचत गट, मिळून चाळीसेक बायका. लातूर जिल्हा, सोयाबीन-तूर-हरभऱ्याचा पट्टा. मृगाच्या आत सहा बैठका घ्यायच्या आहेत, प्रत्येक बैठक तीन तासांची. विषय शेतीतली जोखीम: पीक जाणं, भाव पडणं, कर्ज थकणं, कागद नसणं, घरातलं कमावतं माणूस जाणं.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात २००३ साली रूथ हॅम्बलटन यांनी आपल्या आईच्या नावानं ‘अ‍ॅनीज प्रोजेक्ट’ सुरू केला. ही अ‍ॅनी घरच्या शेतीचा सगळा हिशेब ठेवायची. उत्पादन, बाजार, पैसा, कायदा आणि माणसं अशा पाच जोखमी, अठरा तासांचं शिक्षण, आणि शिकलेल्या बायकांनी पुढंही एकमेकींना धरून राहायचं, अशी त्याची मांडणी. पाच खाती चांगली वाटली. पण त्यातला क्रम आपल्याकडं चालेल असं वाटत नाही.

माझ्या मते पहिली बैठक बियाण्याची घ्यावी, हातात धरून दाखवता येतं म्हणून. तुम्ही कुठून सुरुवात कराल? ‘जागृती करा’ असं मोघम नको, नेमकं काय शिकवायचं ते लिहा.

सातबारा_वाचक
बियाणं नको, पहिली बैठक सातबाऱ्याचीच घ्या. विमा, पीककर्ज, अतिवृष्टीचं अनुदान, हमीभाव केंद्र, तारण कर्ज, सगळ्या दारांवर हाच कागद विचारतात. चाळीस जणींना आपापला सातबारा आणि आठ अ (खात्याचा उतारा) घेऊन बसवा आणि तीनच गोष्टी शोधायला सांगा.

पहिली गोष्ट, तिचं नाव नेमकं कुठं आहे? भोगवटादाराच्या (जमीनधारकाच्या) रकान्यात की ‘इतर हक्क’मध्ये? पुष्कळ जागी विधवा सुनेचं, लेकीचं नाव इतर हक्कात टाकून ठेवलेलं असतं. घरचे म्हणतात, ‘नाव तर लावलंय की’. पण तेवढ्यावर ती खातेदार होत नाही आणि बँक तिला दारात उभं करत नाही.

दुसरी, नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ लिहिलंय का? म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या एका नावाखाली बाकीचे सगळे झाकलेले असतात.

तिसरी, मुलं लहान असताना वडील वारले असतील तर ‘अ.पा.क. आई’ अशी नोंद मिळेल. तिथं आई नुसती पालनकर्ती म्हणून येते. तिचा स्वतःचा हिस्सा वेगळा लागलाय का ते बघायचं. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलगा, मुलगी आणि मयताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. त्यांचा वाटा सारखा.

वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार, रेशनकार्ड लागतं. अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, म्हणजे आपल्या तलाठ्याकडं, किंवा ई-हक्कवर ऑनलाइन. मग फेरफार (नोंदीतला बदल) धरतात, १५ दिवसांची नोटीस निघते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यावा. अर्जाची पोच घ्या आणि फेरफार नंबर वहीत लिहून ठेवा. नंबर नसेल तर चौकशी कशाची करणार?

हरभरा_घाटे
सहमत. २०२५ च्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयतांच्या जागी वारस लावायचं काम गावोगाव झालं. त्यातून सुटलेल्या बायकांची यादी पहिल्याच बैठकीत निघेल.

तिफण
कागद महत्त्वाचा आहे, मान्य. पण फेरफार व्हायला वेळ लागतो आणि पेरणी कुणासाठी थांबत नाही. बियाण्याची बैठक मागं टाकली तर यंदाचा हंगाम हातचा जाईल. कृती पूर्ण लिहितो, जशीच्या तशी वापरा.

गोणपाटाचे सहा चौकोनी तुकडे करा. स्वच्छ धुऊन ओले करा. एक तुकडा पसरून त्यावर दहा ओळी, एका ओळीत दहा बिया, दोन बियांत दीड ते दोन सेंटिमीटर अंतर. वर दुसरा ओला तुकडा, दोन्हींची गुंडाळी, सुतळीनं सैल बांधा. अशा तीन गुंडाळ्या. सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. सहा-सात दिवसांनी उघडा, तिन्हींची सरासरी काढा.

सरासरी ७० किंवा वर असेल तर एकरी ३० किलो पेरा. कमी असेल तर ३० ला ७० नं गुणून आलेल्या सरासरीनं भागा. समजा ६२ उगवल्या, तर २१०० भागिले ६२, म्हणजे जवळपास ३४ किलो. फारच खाली गेलं तर ते बियाणं मोंढ्यावर (बाजारात) न्या, चाड्यावर (पेरायला) नको.

चुकतं कुठं? बिया आधी भिजत घालतात. सोयाबीनचं साल नाजूक, ते फुटतं आणि आकडा खोटा येतो. मोड वाकडा किंवा मुळाविना असला तरी धरतात, तो धरायचा नाही. आणि खताचा, औषधाचा वास लागलेलं गोणपाट घेतात. त्यात चांगलं बीही मरतं.

बीजप्रक्रियेचा क्रम: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम. उलटं केलं तर औषधानं जिवाणू मरतात. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही. दुबार पेरणीएवढी महाग जोखीम दुसरी नाही.

सातबारा_वाचक
@तिफण, बरोबर. मग पहिल्या बैठकीत दोन्ही करा. गुंडाळ्या बांधून घरी द्या आणि सातबारा वाचा. दुसऱ्या बैठकीला गुंडाळ्या उघडा. तोवर फेरफाराचे अर्जही गेलेले असतील.

बीडची_लेक
विषय ठरवताय, वेळ कुणी ठरवली? दुपारी बाराला बैठक लावली तर खुरपणी-वेचणीची बाई येणारच नाही, तिचा रोज बुडतो. संध्याकाळी सातला लावली तर चूल. उन्हाळ्यात दुपारी दोन ते पाच हीच वेळ जमते. कारण काम सकाळी लवकर उरकलेलं असतं.

बीड, धाराशिवच्या डोंगरपट्ट्यात दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली कोयती (नवरा-बायकोच्या जोड्या) कारखाना बंद झाल्यावरच परत येतात. त्या बायकांना हिवाळ्यातलं कोणतंच प्रशिक्षण मिळत नाही. म्हणून मे महिना योग्यच आहे. मात्र मुकादमाची पुढच्या हंगामाची उचल (आगाऊ रक्कम) पावसाळ्यात वाटली जाते. त्याच्या आधी उचलीच्या हिशेबाची बैठक झाली पाहिजे: किती घेतली, टनाला भाव काय ठरला, किती टन फिटले, बाकी किती. हिशेब बाईच्या वहीत असावा. उचल जोडीच्या अंगावर असते, एकट्या नवऱ्याच्या नाही.

लहान लेकरं कुठं ठेवायची तेही ठरवा. अंगणवाडीची खोली मिळाली तर उत्तम.

दुधनाकाठ
दुसऱ्याचं रान बटईनं (वाट्यानं) किंवा ठोक्यानं करणाऱ्या बायकांचं काय? त्यांचं नाव कोणत्याच कागदावर नाही.

मंडळ_पर्जन्य
@दुधनाकाठ, विम्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तोंडी बटईवर विमा भरला तर पैसे वाया जातात. मालक करार करून देत नसेल तर निदान बटईच्या बोलीत एक गोष्ट आधी ठरवून घ्या. अनुदान किंवा भरपाई मालकाच्या खात्यावर आली तर त्यातलं किती बटईदाराचं? दोन साक्षीदारांसमोर कागदावर लिहा. कोर्टात तो फार टिकेल असं नाही, पण गावात टिकतो.

आता विम्याची बैठक. इथं जुनी माहिती सांगून बायकांचं नुकसान करू नका. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, तो २०२५ च्या खरिपात बंद झाला. आता शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत. संरक्षित रक्कम हेक्टरी ५८,००० धरली तर सोयाबीनला ११६० रुपये.

याहून मोठा बदल वेगळाच आहे. ७२ तासांत तक्रार करून आपल्या एकट्या शेताची भरपाई मागायची सोय २०२५ ला राज्यानं काढली. भरपाई आता पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळातल्या निवडक प्लॉटचं पीक कापून, वजन करून. तरीही गावोगाव अजून ‘७२ तासांत फोन करा’ असंच सांगितलं जातं. यंदाचा शासन निर्णय निघाला की तो वाचूनच बैठक घ्या.

हिशेब फळ्यावर मांडा. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं, त्यांची सरासरी, त्याच्या ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. समजा मंडळाचा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आणि यंदाच्या प्रयोगांत ६ निघाले. तूट ४, म्हणजे ४० टक्के. ५८,००० च्या ४० टक्के २३,२००. शेजारच्या मंडळात १० निघाले तर तिथं शून्य, मग एखादीचं रान पार वाहून गेलेलं असो. हे आधी समजलं नाही तर बाई सगळ्यांवरच चिडते आणि पुढच्या वर्षी विमाच सोडते.

विमा केंद्रावर हप्त्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. अर्जामागं ४० रुपये कंपनी केंद्राला देते. चौकशीला १४४४७.

तिफण
विम्यात लिहिलेलं पीक आणि ई-पीक पाहणीतलं (मोबाइल अ‍ॅपवर केलेल्या नोंदीतलं) पीक एकच हवं, हेही सांगा. विमा सोयाबीनचा आणि पाहणीत तूर, की अर्ज बाद. पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. बाईकडं साधा फोन असेल तर गटातल्या एकीच्या स्मार्टफोनवरून दहा जणींची पाहणी होते. मात्र ओटीपीच्या वेळी त्या दहाही जणी बांधावर असाव्यात.

काळी_रान
सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर जे अडलं ते नोंदवून ठेवतो. अनुदानाला ३३ टक्क्यांवर नुकसान लागतं. दर हेक्टरी कोरडवाहूला ८५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००. एरवी दोन हेक्टरची मर्यादा, त्या वेळी तीनपर्यंत वाढवली आणि रब्बीच्या तयारीला हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर झाले.

पैसे कुठं अडले? एक, जमिनीचं सामाईक खातं. चार हिस्सेदार असतील तर तिघांनी संमतीपत्र द्यायचं, मग रक्कम एकाच्या खात्यात. विधवा भावजयीचा वाटा दिराच्या खात्यात गेला की परत काढणं अवघड. संमतीपत्रावर सही करतानाच तिच्या वाट्याचा आकडा लिहून घ्यावा. दोन, आधार ज्या बँकेला शेवटी जोडलं त्याच खात्यात पैसे पडतात. बायका जुन्या पासबुकात शोधत राहतात. तीन, अनुदानाच्या यादीत आपला विशिष्ट क्रमांक आल्यावर सेतूवर ई-केवायसी केलीच नाही.

बांधावरची
कर्जाची बैठक तिसरी ठेवा आणि एका कागदावर घ्या. जून ते मे असे बारा रकाने आखा. ओळी पाच: बँकेचं पीककर्ज, गटाचं कर्ज, मायक्रोफायनान्स, कृषी केंद्राची उधारी, हातउसने किंवा उचल. प्रत्येक महिन्यात किती द्यायचे ते भरा. खाली सहावी ओळ, पैसा कधी येणार.

कागद भरला की डोळ्यांसमोर येतं: सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदाच, आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता पंधरवड्याला. जुलै-ऑगस्ट कोरडे. त्या दोन महिन्यांचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज निघतं आणि गळ्याला फास लागतो तो तिथंच.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्स देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी, संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. हे पाठ करून घ्या. उत्पन्नाचा आकडा फॉर्मवर एजंट परस्पर फुगवतो, म्हणून सही करण्याआधी तो मोठ्यानं वाचायला लावा.

गटाला बँकेकडून २० लाखांपर्यंत विनातारण मिळतं. गटाच्या बचतीवर बोजा चढवायची अट बँक घालू शकत नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज सवलतीनं शून्य टक्क्यावर येतं. एकाच घरात बँकेचं शून्य टक्क्याचं कर्ज थकवून मायक्रोफायनान्सचं भरत असतील, तर क्रम उलटा लावलाय.

खळं
बाजाराच्या बैठकीत तारण कर्ज (माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज) सांगा. पणन मंडळाची योजना, बाजार समितीमार्फत चालते. मालाच्या किमतीच्या ७५ टक्के, व्याज ६ टक्के, मुदत सहा महिने. २० क्विंटल सोयाबीन, भाव ४५०० धरला तर किंमत ९०,०००. हातात ६७,५०० आणि सहा महिन्यांचं व्याज २०२५ रुपये. म्हणजे क्विंटलमागं शंभरेक रुपयांची वाढ झाली तरी व्याज निघतं. सगळ्या समित्या ही योजना चालवत नाहीत, आपल्या समितीत आधी विचारा. माल स्वतःचा हवा आणि सातबारा लागतोच. पुन्हा तिथंच आलो.

ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. हमीभाव केंद्रावरून माल परत येतो तो बहुतेक याचमुळं. दात लावून दाणा ‘कट्’ वाजला म्हणजे वाळला, हा अंदाज १३-१४ वर फसतो. गटानं मिळून एक ओलावा मापक घेतला तर फेरे वाचतात. बियाण्यासाठी राखायचं असेल तर मळणीयंत्र मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांवर चालवा, थप्पी पाच-सहा पोत्यांवर नको.

हरभरा_घाटे
घरातल्या गड्यांनाही बोलवा ना. नाहीतर घरी जाऊन सगळं पुन्हा सांगायचं.

बीडची_लेक
पहिल्या चार बैठकांना अजिबात नको. गडी बसला की बाई पदर सावरून मागं सरकते आणि प्रश्न तोच विचारतो. विशेषतः कर्जाच्या बैठकीत. शेवटच्या एका बैठकीला जोडीनं बोलवा.

सातबारा_वाचक
त्या शेवटच्या बैठकीत ‘लक्ष्मी मुक्ती’ ठेवा. १९९२ पासून सोय आहे. नवऱ्यानं संमतीचा अर्ज द्यायचा, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. खातं एकट्याच्या नावावर असेल तर सोपं, सामाईक असेल तर आधी वाटणी. शेतकरी संघटनेच्या बायका १९८६ ला चांदवडला जमल्या, लक्ष्मी मुक्ती त्याच चळवळीतून आली. गावात जुने कार्यकर्ते असतील तर त्यांना बोलवा, गडी त्यांचं ऐकतात.

आणि हक्कसोड! कोऱ्या कागदावर सही-अंगठा कुणीही द्यायचा नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. ते देणं बहिणीवर बंधनकारक नाही. साडीचोळीवर हिस्सा सोडायला लावतात, त्याला प्रेम म्हणायचं कसं?

तुराट्या
मधेच एक विचारतो. आमच्याकडं ठरवून दिलेल्या कामाला ‘गुत्तं’ म्हणतात, तुमच्याकडं?

बांधावरची
परभणी-नांदेडकडंही गुत्तंच. पलीकडं नगरला गेलं की ‘उक्तं’ होतं. काम तेच, पाठ तेवढीच दुखते.

तुराट्या
बरं झालं, पत्रकावर गुत्तंच लिहितो.

काळी_रान
अपघाताचा विषय कुणीच काढला नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान: वय १० ते ७५, मृत्यू झाल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेल्यास १ लाख. वीज, साप, विहिरीत पडणं, विषबाधा हे सगळं त्यात येतं. आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराबरोबर घरातला नाव नसलेला एक सदस्यही यात बसतो. म्हणजे नाव नसलेली बाईसुद्धा. प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं.

अडतं ते पुराव्यावर. साप चावला, मांत्रिकाकडं नेलं, तिथंच जीव गेला आणि परस्पर अंत्यविधी झाला, की दवाखान्याचा कागद नाही आणि पोलिसांचा पंचनामाही नाही. म्हणून साप चावला की थेट सरकारी रुग्णालय. लस तिथं मोफत मिळते, जीव वाचायची खरी संधी तीच.

फवारणीचं पण शिकवा. पंपाचं पाणी आणणारी आणि औषध कालवणारी बाईच असते, आणि हातमोजे मात्र फवारणाऱ्याला. डब्यावरचा त्रिकोण: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हातानं कालवायचं नाही, काठीनं. त्रास झाला तर डबा सोबत दवाखान्यात न्यायचा. डॉक्टर त्यावरूनच उतारा ठरवतात.

बांधावरची
शिकलेल्या बायकांनी पुढं एकमेकींना धरून राहायच्या जाळ्याबद्दल. प्रशिक्षण संपलं की गट पुन्हा बचतीच्या पन्नास-शंभरावर येतो. ते टाळायचं तर कामं वाटून द्या. एकीकडं पाऊस: मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर (म्हणजे अतिवृष्टी) झाला का, रोज वहीत. एकीकडं फेरफार नंबर आणि तारखा. एकीकडं मोंढ्याचा भाव. एकीकडं कापणी प्रयोगाची तारीख, त्या दिवशी दोघींनी प्लॉटवर हजर राहायचं आणि वजनाचा आकडा लिहून आणायचा. एकीकडं दवाखान्याची गाडी. दर महिन्याच्या बैठकीत आधी या पाच वह्या, मग बचत.

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवात बचत गटांचं जाळं विणलं गेलं. तिथंच पुढं स्वयम् शिक्षण प्रयोगानं बायकांना घरच्या रानातला एक एकर मागून त्यात खाण्याची पिकं घ्यायला शिकवलं. एक एकर मागणं हीसुद्धा वाटाघाट आहे, तिचा सराव बैठकीत करून घ्या. ज्वारी, मूग, तूर, भाजी घरातली असली की सोयाबीन पडलं तरी चूल पेटते.

मांजराकाठ
सगळ्यांचे आभार. क्रम बदलला.

पहिली: सातबारा वाचन, गुंडाळ्या बांधून घरी. दुसरी: गुंडाळ्या उघडणं, बीजप्रक्रिया, एक एकराचं नियोजन. तिसरी: बारा रकान्यांचा कर्जकागद, उचलीसह. चौथी: विमा, ई-पीक पाहणी, अनुदान. पाचवी: ओलावा, तारण, अपघात, फवारणी. सहावी जोडीनं: लक्ष्मी मुक्ती आणि पाच वह्यांचं वाटप. वेळ दुपारी दोन ते पाच, अंगणवाडीची खोली.

एक शंका राहिली. पहिली आणि दुसरी बैठक यांत आठ दिवस जातील, उगवण तर सहा-सात दिवसांत मोजायची. चालेल का?

तिफण
आठव्या दिवशी मोड लांबून गुंततात, मोजायला त्रास होतो. त्यापेक्षा बैठकीत बांधायची रीत दाखवा आणि कोरडे तुकडे व मोजलेल्या शंभर-शंभर बियांच्या तीन पुड्या द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी ओलं करून बांधायचं. आणि प्रत्येक गुंडाळीला चिठ्ठी: नाव, वाण, घरचं की विकतचं. विकतचं असेल तर पिशवी, लेबल, लॉट नंबर असलेलं बिल आणि मूठभर बियाणं रास होईपर्यंत जपून ठेवायचं. उगवलं नाही तर तालुक्याची तक्रार समिती तेच मागते. बिल शक्य तिथं बाईच्या नावानं घ्या.

सातबारा_वाचक
पहिल्या बैठकीआधी चाळीस जणींच्या जमिनीचे गट नंबर मला कळवू नका, इथं टाकूही नका. गावातच महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून सातबारा काढा. डिजिटल सहीचा हवा असेल तर उताऱ्याला १५ रुपये, नुसता वाचायला फुकट.